योजना चॅटमध्ये अडकते तेव्हा: एका एआय नियोजन-सहायकाच्या इंटरफेसचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातली एक मध्यम आकाराची सॉफ्टवेअर सेवा कंपनी. क्लायंट बहुतेक विमा क्षेत्रातले. मागणी येते ती ईमेलमधून, मीटिंगच्या मिनिट्समधून, नाहीतर कुणीतरी घाईत टाइप केलेल्या दोन पानी वर्ड फाइलमधून. मग बिझनेस ॲनालिस्ट आणि टेक लीड बसून तिचे एपिक (कामाचे मोठे भाग) पाडतात, एपिकच्या स्टोऱ्या (छोटी, स्वतंत्र कामं) करतात, प्रत्येक स्टोरीला अंदाज लावतात, कोणती कशावर अडून आहे ते पाहतात आणि दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक फेरीत) बसवतात. यातला पहिला मसुदा तयार करणं कंटाळवाणं असतं आणि वेळही खातं. तेवढ्यासाठी कंपनीने अंतर्गत पोर्टलवर एआय सहायक आणला.

पहिली आवृत्ती अगदी साधी होती: चॅटची खिडकी, खाली मजकुराची चौकट, मागे भाषा-मॉडेलची एपीआय (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची ठरलेली वाट) आणि ‘स्टोऱ्या तक्त्यात दे’ असं सांगणारा सिस्टिम प्रॉम्प्ट (मॉडेलला आधीच दिलेली कायमची सूचना). डेमो छान झाला. डेमोत एकच प्रश्न विचारला जातो आणि एकच उत्तर येतं, त्यामुळे तो छान होतोच.

ओळख पटेल असे तपशील पुढच्या मजकुरातून वगळले आहेत. उदाहरणातलं मॉड्यूल त्याच जातीचं, पण सोपं केलेलं आहे.

अडचण

मोटार विम्याच्या नूतनीकरणाची आठवण देणारं मॉड्यूल. ॲनालिस्टने लिहिलं: “रिन्यूअल रिमाइंडर हवंय. एसएमएस आणि ईमेल. पॉलिसी संपायच्या ३० दिवस, १५ दिवस आणि १ दिवस आधी. व्हॉट्सॲपचं नंतर बघू.” सहायकाने ३१ ओळींचा तक्ता दिला. तक्ता वाईट नव्हता.

खरा घोळ दुसऱ्या संदेशापासून सुरू झाला. “१२ चे दोन भाग कर” म्हटल्यावर मॉडेलने अख्खा तक्ता पुन्हा छापला. आता ३२ ओळी झाल्या आणि १३ पासून पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकले. ॲनालिस्टने मात्र आधीचा तक्ता एक्सेलमध्ये उचलून ठेवला होता आणि तो तिथेच पाहत होता. त्याने लिहिलं, “१८ काढ, ते पुढच्या फेजला.” त्याच्या १८ वर व्हॉट्सॲप होतं. नव्या तक्त्यात १८ वर जुनं १७ आलेलं होतं: पाठवलेल्या संदेशांची नोंद ठेवणारा ऑडिट लॉग. लॉग गेला, व्हॉट्सॲप राहिलं. सहायकाचं उत्तर बिनचूक मराठीत होतं: “१८ वी स्टोरी काढली आहे.”

दुसरा घोळ यापेक्षा शांत होता. तक्ता पुन्हा छापताना मॉडेलने ईमेल टेम्पलेटच्या स्टोरीचा अंदाज ८ तासांवरून ६ वर आणला. कुणी सांगितलं नव्हतं. भाषा-मॉडेल तक्त्याची नक्कल करत नाही, दरवेळी तो नव्याने लिहितं. बहुतेक ओळी तशाच येतात, एखादी सटकते. तीसेक ओळींत एक आकडा बदललेला नजरेने शोधणं माणसाला जमत नाही, आणि शोधायला हवा हेच मुळात लक्षात येत नाही.

याशिवाय तीन गोष्टी संभाषणांच्या नोंदी वाचताना (वापरणाऱ्यांच्या परवानगीने) आणि लोकांच्या शेजारी बसून पाहताना दिसल्या. एक, सहायक काही न विचारता थेट योजना करायला बसायचा. दोन, “२१ तास” असा ठाम आकडा द्यायचा आणि तो तसाच क्लायंटच्या कोटेशनमध्ये जायचा. तीन, मराठीत टाइप करणाऱ्यांचे अर्धवट संदेश वारंवार निघून जायचे. ‘चॅट आवडत नाही’ अशी जी तक्रार कानावर येत होती, तिच्यातला बराच भाग या तिसऱ्या कारणाचा होता. त्यावर पुढे येतो.

सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे लोक सहायकाकडून तक्ता घ्यायचे, एक्सेलमध्ये काम करायचे आणि अडलं की बदललेला तक्ता पुन्हा चॅटमध्ये चिकटवायचे. कामाची जागा एक्सेलच राहिली होती. चॅट फक्त तक्ते पुरवत होतं, आणि “यातलं फायनल कुठलं?” हा प्रश्न प्रत्येक स्टँडअपला (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीला) निघत होता.

पर्याय

पहिला, प्रॉम्प्ट सुधारणं. ‘फक्त बदललेल्या ओळी दे, क्रमांक बदलू नकोस’ असं बजावून सांगायचं. फुकटात होण्यासारखं असल्याने हे लगेच करून पाहिलं. मॉडेल बहुतेक वेळा ऐकायचं. पण मूळ अडचण जशीच्या तशी राहिली, कारण योजनेची खरी प्रत कुठेच साठवलेली नव्हती. ती दहा संदेशांत विखुरलेली होती आणि ‘आत्ताची योजना’ पाहायची तर वापरणाऱ्याने डोक्यात बेरीज-वजाबाकी करायची.

दुसरा, चॅट काढून टाकून फॉर्म देणं. प्लॅटफॉर्म, वापरकर्त्यांची संख्या, इंटिग्रेशन, मुदत वगैरे. ॲनालिस्ट मंडळींनी तो एका बैठकीत उडवला. मागणी ईमेलच्या रूपात येते; ती १५ रकान्यांत भरायची म्हणजे सहायकाने करायचं काम माणसाने आधीच केल्यासारखं.

तिसरा, कंपनीत आधीपासून वापरात असलेल्या जिरामध्येच (कामांची तिकिटं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) सहायक बसवणं. लोक दिवसभर तिथेच असतात, त्यामुळे मुद्दा वजनदार होता. पण कच्च्या मसुद्याची तिकिटं खऱ्या बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) पडली असती आणि क्लायंटलाही त्या बोर्डचा काही भाग दिसत होता. पर्याय रद्द केला नाही, पुढे ढकलला.

चौथा, पडद्याचे दोन भाग करणं: एकीकडे संवाद, दुसरीकडे योजना. मॉडेलने योजना लिहायची नाही, योजनेत काय बदल करायचा तेवढं सुचवायचं.

चौथा निवडला, पण विरोध झाला आणि तो रास्त होता. डेव्हलपमेंट लीडचं म्हणणं: आवृत्त्या, अनडू, परवानग्या असं करत करत आपण छोटं जिराच लिहीत बसू. म्हणून सुरुवातीलाच हद्द आखली. योजनेच्या बाजूला एका स्टोरीचे पाचच रकाने: शीर्षक, स्वीकाराच्या अटी, अंदाज, कशावर अवलंबून, कोणत्या गृहीतकावर उभी. कुणाला काम दिलं, स्थिती काय, कॉमेंट्स, यातलं काहीही नाही. पुढच्या काळात ‘फक्त एक रकाना वाढवा’ अशा ज्या मागण्या आल्या, त्या या यादीकडे बोट दाखवून परतवता आल्या.

रचना: कायमचे क्रमांक आणि ठरावीक क्रिया

कंपनीतले बरेच लॅपटॉप १३६६ × ७६८ च्या पडद्याचे. त्यावर अर्धा-अर्धा भाग केला तर दोन्हीकडे गिचमिड होते. चॅटला ४०० पिक्सेलची ठरलेली रुंदी आणि उरलेली सगळी जागा योजनेला दिली. १,१०० पिक्सेलच्या खाली दोन टॅब. डिझायनरच्या मोठ्या मॉनिटरवर पहिली मांडणी सुरेख दिसत होती. ती टाकून द्यावी लागली.

प्रत्येक स्टोरीला जन्मतःच एक कायमचा क्रमांक मिळतो: स-१२. तिचे दोन भाग झाले तर स-३२ आणि स-३३ तयार होतात आणि स-१२ ‘विभागली’ म्हणून मागे राहते. काढलेल्या स्टोरीचा क्रमांक पुन्हा वापरला जात नाही. ओळींना वेगळे अनुक्रमांक दाखवायचेच नाहीत, नाहीतर लोक तेच बोलतात. एवढ्या एका गोष्टीने लॉग-व्हॉट्सॲपसारखे घोळ बंद झाले आणि तिला मॉडेलशी काही देणंघेणं नव्हतं.

मॉडेलला सहाच क्रिया दिल्या: जोड, बदल, विभाग, एकत्र कर, काढ, हलव. उत्तर जेसनमध्ये (प्रोग्रॅमला वाचता येणाऱ्या मजकूर-साच्यात), ठरलेल्या स्कीमात (कोणती माहिती कुठे याच्या आराखड्यात). सोबत, कोणत्या आवृत्तीवर हा बदल सुचवला तो आकडा. सर्व्हर आधी तपासतो: असा क्रमांक अस्तित्वात आहे का, अवलंबनाचं चक्र तर तयार होत नाही ना, आणि मॉडेल उत्तर देत असताना माणसाने तीच ओळ हाताने बदलली का. बदलली असेल तर माणसाचा बदल राहतो आणि मॉडेलचा प्रस्ताव बाजूला दिसतो.

चॅटमध्ये फक्त एक-दोन वाक्यांची पावती येते: “स-१२ चे दोन भाग झाले: स-३२, स-३३. एकूण अंदाज तसाच.” ही पावती मॉडेल लिहीत नाही. झालेल्या क्रियांवरून कोड ती तयार करतो. पहिल्या चाचणीत ती मॉडेलकडून घेतली होती. तेव्हा पावतीत “इतर काही बदललं नाही” असं असायचं आणि क्रियांच्या यादीत तिसरीच एखादी ओळ बदललेली असायची. आपण काय केलं याचं मॉडेलने केलेलं वर्णन हाही शेवटी मॉडेलने लिहिलेला मजकूरच. हिशेब लागतो तिथे तो कोडकडून घ्यायचा.

निर्णय: मंजुरी कधी मागायची

सुरुवातीला प्रत्येक बदलासमोर ‘स्वीकारा’ आणि ‘नाकारा’ अशी दोन बटणं होती. सावधपणा म्हणून ठीक वाटलं. प्रत्यक्षात पहिल्या पाच-सहा बदलांनंतर लोक न वाचता ‘सगळे स्वीकारा’ दाबू लागले. म्हणजे मंजुरी होती, तपासणी नव्हती.

मग बदलांचे दोन गट केले. शीर्षक सुधारणं, अटी लिहिणं, विभागणं, क्रम हलवणं हे सगळं लगेच लागू. बदललेली ओळ खुणेसह वर येते, अनडू शेजारीच. मंजुरी फक्त तीन प्रसंगी: स्टोरी काढताना, एकूण अंदाज बदलताना, आणि टेक लीडने कुलूप लावलेल्या स्टोरीला हात लागताना. बटणांची संख्या घटली तशी लोक ती वाचू लागले. खूण नुसती रंगाची ठेवली नाही. जुना मजकूर खोडलेला आणि नव्यापुढे ‘नवीन’ हा शब्द. हिरव्या-लाल रंगांतला फरक न दिसणारी माणसं प्रत्येक मोठ्या टीममध्ये असतात.

प्रश्न किती विचारायचे

आठवणीच्या एसएमएसचंच घ्या. भारतात व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१८ च्या नियमांनुसार डीएलटी प्लॅटफॉर्मवर (टेलिकॉम कंपन्यांच्या सामायिक डिजिटल नोंदवहीत) पाठवणाऱ्या संस्थेची, हेडरची (पाठवणारा म्हणून दिसणाऱ्या नावाची) आणि संदेशाच्या टेम्पलेटची नोंदणी लागते. नोंदलेल्या टेम्पलेटशी न जुळणारा संदेश अडवला जातो. म्हणजे टेम्पलेट मंजूर होईपर्यंत टेस्टिंग शेवटापर्यंत जात नाही, आणि नोंदणी क्लायंटच्या नावावर असल्याने टीमच्या हातात काहीच नसतं. पहिल्या मसुद्यात हे अवलंबन नव्हतंच. ‘एसएमएस कुणाच्या खात्यातून जाणार?’ एवढं विचारलं असतं तर आलं असतं.

म्हणून सहायकाला आधी प्रश्न विचारायला लावलं, तर त्याने एका दमात नऊ विचारले. लोकांनी दोनांची उत्तरं दिली आणि पुढे लिहिलं, “बाकी तू ठरव.” तेही साहजिक होतं, नवातले पाच प्रश्न असे होते की उत्तर काहीही आलं तरी योजना तीच राहिली असती.

मग नियम केला: एका वेळी जास्तीत जास्त तीन प्रश्न, आणि तेही असेच की ज्यांच्या उत्तराने एखादी स्टोरी वाढेल, गळेल किंवा क्रम बदलेल. कोणत्या स्टोऱ्यांवर परिणाम होईल ते मॉडेलने प्रश्नासोबतच द्यायचं. ते रिकामं असेल तर प्रश्न दाखवायचाच नाही. उरलेल्या शंका गृहीतकं म्हणून योजनेत जातात: ‘ग-४: डीएलटी नोंदणी क्लायंटकडे आहे.’ ग-४ खोटं ठरलं की त्यावर उभ्या असलेल्या स्टोऱ्या आपोआप पिवळ्या होतात.

प्रत्येक प्रश्नाखाली दोन-तीन तयार उत्तरं, मोकळी चौकट आणि शेवटी एक बटण: ‘माहीत नाही, क्लायंटला विचारायचं आहे’. ते दाबलं की प्रश्न एका यादीत जमा होतो आणि ती यादी जशीच्या तशी ईमेलमध्ये टाकता येते. हे बटण रचनेत अगदी शेवटी, सोय म्हणून आलं होतं. वापरात ते सगळ्यांच्या पुढे गेलं. ॲनालिस्टला नियोजनात सगळ्यात जास्त अडवतात ती क्लायंटकडून न आलेली उत्तरं, आणि त्यांची नीट यादी कुठेच नसते.

अंदाज दाखवायचा की लपवायचा

या मुद्द्यावर सगळ्यात जास्त वाद झाला.

समोर आकडा आला की माणसाचा स्वतःचा अंदाज त्याच्याकडे ओढला जातो, हे ट्व्हर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच दाखवलं. प्लॅनिंग पोकरमध्ये (टीममधला प्रत्येक जण पत्त्याने अंदाज सांगतो त्या पद्धतीत) पत्ते पालथे ठेवून एकदम उघडतात ते याचसाठी. सहायक आधीच ‘२१ तास’ म्हणत असेल तर टेक लीडचं उत्तर १८ ते २४ च्या आसपासच घुटमळतं, मग स्टोरीत काही का असेना. शिवाय मॉडेलला टीमचा वेग, जुना कोड, कोण रजेवर आहे यातलं काही ठाऊक नसतं.

अंदाज पूर्ण काढून टाकावा असं एका गटाचं मत पडलं. डिलिव्हरी मॅनेजरना ते चालण्यासारखं नव्हतं. क्लायंटला दुसऱ्या दिवशी ढोबळ आकडा द्यावाच लागतो. तीन आकड्यांची पद्धतही पाहिली: आशावादी, संभाव्य, निराशावादी, आणि त्यांची, मधल्या आकड्याला चौपट वजन देणारी, पर्ट सरासरी. ४, ८ आणि २४ तास असतील तर (४ + ४ × ८ + २४) ÷ ६ म्हणजे १० तास. गणित बरोबर, पण तीनही आकडे मॉडेलचेच असतील तर एका ठाम आकड्याच्या जागी तीन ठाम आकडे आले, इतकाच फरक.

शेवटी असं ठरलं: स्टोरीच्या पातळीवर सहायकाचा अंदाज झाकलेला राहील. टेक लीडने स्वतःचा आकडा टाकला की मगच तो उघडेल, आणि तफावत दुपटीहून जास्त असेल तिथेच खूण येईल. ‘तुम्ही ६ म्हणता, सहायक १६. त्याने बाउन्स झालेल्या (न पोचता परत आलेल्या) ईमेलची हाताळणी यात धरली आहे.’ कारण दिसलं की दोघांपैकी कुणाचं काय सुटलं ते कळतं. मॅनेजरसाठी संपूर्ण योजनेचा ‘लहान, मध्यम, मोठी’ एवढाच शिक्का, तासांशिवाय. मॅनेजर यावर खूश झाले नाहीत. काहींनी टेक लीडना आकडे पटापट भरायला लावून ही अट ओलांडली. इंटरफेस त्याच्या पलीकडे फार काही करू शकत नाही.

टाइपिंग, स्ट्रीमिंग आणि देवनागरी

अर्धवट निघून जाणाऱ्या संदेशांचं कारण एंटरच्या कळीत होतं. रोमन अक्षरांत टाइप करून देवनागरी मिळवणाऱ्या काही कीबोर्डांत सुचवलेला शब्द एंटरने निवडतात. चॅटनेही एंटर म्हणजे ‘पाठवा’ असं धरलं होतं. इलाज सोपा आहे: कळ दाबल्याच्या इव्हेंटवरचा ‘इज-कंपोझिंग’ हा ध्वज खरा असेल तर पाठवायचं नाही. सफारीत मात्र शब्दरचना संपल्याचा इव्हेंट आधी येतो आणि ध्वज खोटा दिसतो, म्हणून तिथे की-कोड २२९ आहे का हेही पाहायचं. चाचणी करणारे सगळे इंग्रजी कीबोर्डवर असल्याने हे पहिल्या फेरीत सापडलं नव्हतं.

स-१२ हा उल्लेख लोक ‘स-१२’ असा देवनागरी अंकांत लिहायचे, तसाच इंग्रजी अंकांतही. जावास्क्रिप्टमध्ये अंक शोधायचा नेहमीचा पॅटर्न फक्त इंग्रजी 0 ते 9 ओळखतो, आणि ‘१२’ या मजकुराचा आकडा करायला गेलं तर ‘आकडा नाही’ असं उत्तर मिळतं. मजकूर सर्व्हरला जाण्याआधी अंक एकाच रूपात आणणारं छोटं फंक्शन लिहिलं.

उत्तर टाइप होत असल्यासारखं दिसावं म्हणून सर्व्हर-सेंट इव्हेंट्सच्या (सर्व्हरने एकाच जोडणीवर तुकडे पाठवत राहायच्या पद्धतीच्या) धर्तीचा प्रवाह वापरला. ब्राउझरमधला तयार इव्हेंट-सोर्स फक्त गेट विनंती करतो आणि स्वतःचे हेडर जोडू देत नाही, म्हणून फेच हे ब्राउझरमधलं दुसरं साधन वापरून प्रवाह हाताने वाचला. इथे तीन ठिकाणी अडलं.

पहिलं, डेव्हलपरच्या मशीनवर अक्षरं झरझर यायची, सर्व्हरवर मात्र सगळं उत्तर शेवटी एकगठ्ठा. मध्ये एनजिनएक्स हा वेब सर्व्हर होता आणि त्याचं प्रॉक्सी बफरिंग (मजकूर साठवून मग पुढे देणं) मुळातच चालू असतं. त्या मार्गापुरतं ते बंद केलं. मॉडेल बराच वेळ काही पाठवत नसेल तर ६० सेकंदांच्या डिफॉल्ट मर्यादेत जोडणी तुटायची. दर १५ सेकंदांनी कोलनने सुरू होणारी एक रिकामी ओळ पाठवली. ब्राउझरमधला प्रवाह वाचणारा आपला कोड ती ओळ सोडून देतो, मधली यंत्रणा जागी राहते.

दुसरं, मधेच चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटायचं. यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. तुकडा त्या तिन्हींच्या मध्ये तुटला तर अर्धं चिन्ह वाचता येत नाही. बाइटचा मजकूर करणाऱ्या टेक्स्ट-डिकोडरला ‘स्ट्रीम’ हा पर्याय दिला की तो उरलेले बाइट पुढच्या तुकड्यासाठी धरून ठेवतो.

तिसरं निव्वळ डोळ्यांचं. ‘शक्यता’ येताना आधी ‘शक्’ दिसायचं, मग झटक्यात ‘शक्य’, मग ‘शक्यता’. प्रत्येक जोडाक्षरावर ओळ थरथरायची. अक्षरसमूह ओळखून तोडायचं म्हटलं तर जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. जुने ब्राउझर हलन्तापाशी (पाय मोडल्याच्या चिन्हापाशी) तोडतात. त्या भानगडीत न पडता मजकूर शब्दाशब्दाने सोडला: स्पेस किंवा विरामचिन्ह येईपर्यंत थांबायचं. वेगात फरक जाणवला नाही. ओळीची उंची १.४ वरून १.७ केली, वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत घुसायचे थांबले.

‘थांबवा’ बटणाचा अर्थ आधी संदिग्ध होता: मजकूर थांबेल की बदलही? आता क्रियांचं पूर्ण जेसन येऊन तपासणी होईपर्यंत योजनेला हात लागत नाही. त्याआधी थांबवलं तर योजना होती तशीच, आणि पावतीतही तेच लिहून येतं. वर जाऊन जुना संदेश वाचत असलेल्या माणसाला नव्या मजकुराने खाली खेचायचं नाही, हेही लगे हात केलं. स्क्रीन रीडरला मात्र तुकडे ऐकवायचे नाहीत, उत्तर पूर्ण झाल्यावरच सांगायचं.

तिकिटं पाठवताना

योजना पक्की झाली की जिरामध्ये तिकिटं. बटणावर ‘पाठवा’ असं होतं आणि कुठे, किती, हे कळत नव्हतं. ते ‘३४ तिकिटं तयार करा’ असं केलं. जिराच्या एकत्र निर्मितीच्या एपीआयला एका विनंतीत ५० तिकिटांची मर्यादा आहे, जिरा क्लाउडच्या एपीआयच्या तिसऱ्या आवृत्तीत वर्णन साध्या मार्कडाउनमध्ये (चिन्हांनी मांडणी दाखवणाऱ्या मजकुरात) चालत नाही, जिरा बनवणाऱ्या ॲटलासियनच्या दस्तऐवज स्वरूपातच द्यावं लागतं, आणि एपिक आधी तयार झाल्याशिवाय स्टोऱ्यांना पालक मिळत नाही. हे सगळं कागदावर होतं.

कागदावर नव्हतं ते अर्धवट यश. विनंतीतली काही तिकिटं तयार होतात, काही अडतात, आणि उत्तरात दोन्हींची यादी येते. पहिल्या कोडमध्ये एकही चूक आली की ‘अयशस्वी’ दाखवायचे. माणूस पुन्हा बटण दाबायचा आणि तयार झालेली तिकिटं दुसऱ्यांदा पडायची. आता प्रत्येक स्टोरीसमोर तिचं तिकीट किंवा अडल्याचं कारण दिसतं. दुसऱ्यांदा दाबलं तर उरलेलीच जातात, बटणावरचा आकडाही तेवढाच होतो. तिकिटावर स्टोरीचा क्रमांक लेबल म्हणून लावला जातो, म्हणजे उत्तर वाटेत हरवलं तरी शोधून जोडी जुळवता येते.

निष्पत्ती

‘फायनल कुठलं?’ हा प्रश्न संपला, कारण योजना एकच राहिली. तक्ते चॅटमध्ये चिकटवणं बंद झालं. अनेकांनी पहिल्या मसुद्यानंतर चॅट जवळजवळ सोडलं आणि योजनेच्या बाजूला हातानेच काम करू लागले. चॅटचा वापर घटलेला पाहून टीममधल्या काहींना प्रकल्प फसला असं वाटलं. तसं समजायचं कारण नाही. एका क्लिकमध्ये होणारी गोष्ट वाक्य लिहून करायला कुणी सांगितलंय? चॅट उपयोगी पडतं ते मोठ्या बदलांना: ‘ईमेल पुढच्या फेजला ढकल आणि त्यामुळे काय काय हलेल ते दाखव.’

लांब संभाषणांत मॉडेल सुरुवातीचं विसरायचं. आता संपूर्ण इतिहास पाठवत नाहीत. आत्ताची योजना, गृहीतकं आणि शेवटचे काही संदेश एवढंच जातं. देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा सहसा जास्त टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं ते) लागतात, म्हणून सगळ्या स्टोऱ्यांची फक्त शीर्षकं आणि ज्यांचा विषय चालू आहे त्यांचाच तपशील.

किती तास वाचले, हा आकडा मॅनेजमेंटने मागितला. तो देता आला नाही. सहायक येण्याआधी नियोजनाला किती वेळ लागत होता याची नोंद कुणी ठेवलेली नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

ती नोंद आधी घ्यायला हवी होती. चार-पाच योजनांना लागलेला वेळ, नंतर किती स्टोऱ्या वाढल्या आणि क्लायंटला किती प्रश्न उशिरा गेले, एवढं पुरलं असतं.

मॉडेल जोडण्याआधी पडद्यामागे एखादा अनुभवी ॲनालिस्ट बसवून त्याच्याकडून उत्तरं टाइप करून घेता आली असती. दोन दुपारींत कळलं असतं की लोक ‘१२ नंबर’ असंच बोलतात, की माणूसही तक्ता पुन्हा छापत नाही, फक्त बदल सांगतो, आणि तो नऊ प्रश्न कधीच विचारत नाही.

कायमचे क्रमांक पहिल्या, साध्या आवृत्तीतही शक्य होते. दोन भागांच्या पडद्याची वाट पाहायची गरज नव्हती.

क्लायंटच्या प्रश्नांची यादी हा स्वतंत्र, छोटा आणि एआयशिवायही चालणारा भाग आहे. तो सगळ्यात आधी देता आला असता. सध्या त्याला एक उणीव आहे: क्लायंटचं उत्तर ईमेलने येतं आणि ते कुणीतरी हाताने गृहीतकात नोंदवावं लागतं. नोंदवायचं राहिलं तर ग-४ हिरवंच दिसत राहतं. पुढच्या आवृत्तीत गृहीतकाला मुदत असणार आहे: ठरलेल्या तारखेपर्यंत कुणी खरं-खोटं केलं नाही, तर त्यावरच्या स्टोऱ्यांची तिकिटं तयार करायचं बटण बंद.